बंडाबर्गची बाटली

मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्ये दिवाळी वसंतात येते. पणत्या लावायला आठ वाजेपर्यंत अंधाराची वाट पाहायची, तोवर मुलं रस्त्यावर सायकली पिटाळतात. त्यांना पाहून या अंकाचा विषय सुचला, असं लिहायला बरं वाटतं. खरं तर तो व्हॉट्सॲपवरच्या भांडणातून आला.

‘लस टोचून मुलं दगावली होती,’ असं कुणीतरी लिहिलं. दगावली होती. जानेवारी १९२८, क्वीन्सलँडमधलं बंडाबर्ग. घटसर्पाची लस टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ मुलं गेली. लस आपल्या मेलबर्नच्याच कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजची. ग्रुपवर गोष्ट इथेच थांबते. मेलबर्नचेच चार्ल्स केलवे यांच्या चौकशी आयोगाने ती पुढे नेली. अनेक मुलांना पुरणाऱ्या लसीच्या त्या बाटलीत जंतुनाशक नव्हतं. दिवसांमागून दिवस तीच बाटली वापरली गेली आणि आत स्टॅफिलोकॉकस जंतू वाढले. ते शोधणाऱ्यांत तरुण मॅकफार्लेन बर्नेट होते, पुढचे नोबेलविजेते. चूक लपवली नाही, त्याच वर्षी अहवाल आला. तरीही आईबापांचा विश्वास परतायला वर्षं गेली, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही.

लस नसली की काय होतं, तेही याच शहराने पाहिलं. १९३७ मध्ये मेलबर्नला पोलिओची साथ आली. शाळा बंद झाल्या, न्यू साउथ वेल्सने आपली सीमा व्हिक्टोरियाच्या मुलांना बंद केली. फेअरफील्डच्या साथरोग रुग्णालयात मुलं एडवर्ड बोथ यांनी बनवलेल्या प्लायवूडच्या श्वसनपेटीत, डोकं तेवढं बाहेर ठेवून, श्वास घेत होती. गोवर आला की आमची आजी दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायची: आत येऊ नका. सीमा काय, डहाळा काय, हाती एवढंच होतं.

आज लस आहे, तरी वर्षअखेरची भारताची तिकिटं काढताना आपण बॅगेचे किलो मोजतो, बाळाचं लसीकरण विसरतो. गोवराची लस इथे एरवी पहिल्या वाढदिवसाला मिळते; परदेशी जाणाऱ्या बाळाला सहा महिन्यांनंतर आधीही देता येते. पुण्याला निघण्यापूर्वी निदान महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. आणि फराळ उरला तर संपादकांच्या घरी आणून द्या.