पॅकेज

मंडळी, आज एका शब्दावर राग काढायचाय. पॅकेज!

डिक्शनरीत अर्थ साधा: बांधलेलं पुडकं, गाठोडं. आमच्या यवतमाळात लग्नाच्या बैठकीत मामा विचारतात, "पोराचं पॅकेज किती?" म्हणजे वर्षाचा पगार. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्या गाजल्या, त्यांचंही 'पॅकेज'च होतं.

पण इथल्या गावोगावी हा शब्द पोचला तो १ जुलै २००६ पासून. पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात यवतमाळही होतं. थकीत कर्जावरचं व्याज माफ झालं, मुद्दल राहिलं. सिंचन, बियाणं, दुभत्या गायी, सगळं एका गाठोड्यात. ज्याच्याकडे चारापाणी नाही त्या कास्तकारानं गाय नेऊन करायचं काय? आणि कापसाचा भाव? तो त्या गाठोड्यात नव्हताच.

माझा आक्षेप मदतीला नाही, शब्दाला आहे. नोकरीवाल्याचं पॅकेज म्हणजे त्याच्या कामाचं मोल. वाटाघाटी करून, ताठ मानेनं घेतलेलं. कास्तकाराचं पॅकेज म्हणजे कुणीतरी दिलेलं. हात जोडून घ्यायचं. वर आपलेच नातेवाईक म्हणतात, "इतकं पॅकेज दिलं, तरी रडतातच!" तोच शब्द, एकाला मान, दुसऱ्याला टोमणा.

कामाचं मोल मिळालं असतं तर गाठोडं लागलंच नसतं.

असो. पुढच्या बैठकीत मामांनी "पॅकेज किती?" विचारलं, की मी विचारणार आहे, "मामा, यंदा कापसाला भाव किती?"