‘वंदे भारत’चं ताट की घरचा डबा?

जालना-मुंबई वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली. ऑगस्ट 2025 पासून ती नांदेडहून सुटते. तिकीट काढतानाच जेवण हवं की नको, हे विचारलं जातं. ‘नको’ म्हटलं की तेवढे पैसे कमी होतात. मग परवडतं काय?

मैत्रिणींनो, हॉटेलच्या भावाशी तुलना करून ‘पैसे वाचले’ म्हणू नका. एरवी आपण काय केलं असतं, ते बघा. रेल्वेत घरचा डबा चालतो. चौघांच्या ताटांचे पैसे आणि धपाटे-चटणीचा खर्च शेजारी शेजारी लिहा. डबाच स्वस्त पडतो. शिवाय पाच वर्षांखालच्या विनातिकीट मुलाला ताट मिळत नाही, त्याच्यासाठी डबा लागतोच. खोपोलीच्या इमॅजिका पार्कात मात्र बाहेरचं खाणं नेता येत नाही. तिथे आगाऊ जेवणाचा विचार जरूर करावा.

पण डब्याच्या हिशेबात मी एक गोष्ट कायम विसरायचे: पहाटे चारला उठणं. सगळ्यांनी हात लावला तर ती खरी बचत. एकटीनेच राबायचं असेल, तर एखाद्या वेळी ‘जेवण हवं’ म्हटलं म्हणून बिघडलं कुठं?