परदेशातील देणगी आणि आपल्या संस्था

वडोदऱ्यातील जुन्या मराठी घरांतून आज कोणी ना कोणी परदेशात आहे. आपल्या मंडळांविषयी, वाचनालयांविषयी त्यांना जिव्हाळा आहे आणि मदत करण्याची इच्छाही आहे. परंतु इच्छा आणि देणगी यांच्यामध्ये कायदा आहे. सभासदांनी तो समजून घेणे जरुरीचे आहे.

आणीबाणीत, १९७६ साली, परदेशी देणग्यांसंबंधीचा पहिला कायदा झाला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. अमेरिकेतील आपल्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठविले, तर ती परदेशी देणगी नव्हे. त्यानेच तिकडचे नागरिकत्व घेतले की मात्र ती परदेशी ठरते, ओसीआय कार्ड असले तरीही. अशी देणगी घेण्यास केंद्रीय गृहमंत्रालयाकडे नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी मागील तीन वर्षांत मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनुसार ही रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत घ्यावी लागते, दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे.

हिशेब चोख हवा, याबद्दल दुमत नाही. पण संस्था चालते ती कारकुनाच्या पगारावर आणि वेळेवर लिहिलेल्या वहीखात्यावर. देणगीदार हॉलवरील पाटीसाठी पैसे देतात, यासाठी नाही; आणि कायदाही हात आखडतो. सयाजीराव महाराजांची दृष्टी वेगळी होती. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणले, तेव्हा पुस्तकांबरोबर प्रशिक्षित ग्रंथपालही तयार झाले. १९१३ साली आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले. पैसा माणसांवर लागला, म्हणून तो टिकला.

परक्या पैशाचा भरवसा किती, हेही २०२५ ने दाखविले. जानेवारीत अमेरिकेने परकीय मदत रोखली, १ जुलैला यूएसएडचे काम संपले आणि तिच्यावर विसंबलेल्या अनेक देशांतील संस्था उघड्या पडल्या.

म्हणून कार्यकारिणीने देणगी स्वीकारण्यापूर्वी दात्याचे नागरिकत्व विचारावे, त्यात संकोच नको. आणि रोजच्या खर्चासाठी स्वतंत्र कायम निधी येथेच, आपल्या वर्गणीतून उभारावा. परदेशातील मुलांची मदत ही भर असावी, पाया आपलाच हवा.