गुणफलक आणि घंटा

आपल्याकडे खेळाडू विद्यार्थ्याला एक सवलत न मागता मिळते. तो मैदानावर दिसला की पुरे. वर्गात दिसला नाही तरी कोणी विचारीत नाही. ही सवलत नसून फसवणूक आहे, असे माझे मत आहे. ते पक्के झाले एडी रॉबिन्सन या अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षकांविषयी वाचताना.

रॉबिन्सन यांचा जन्म १९१९ साली लुइझियाना राज्यात झाला. वडील दुसऱ्याचे शेत वाट्याने करीत, आई लोकांच्या घरी काम करी. पदवी घेऊनही त्यांना पशुखाद्याच्या गिरणीत राबावे लागले. १९४१ मध्ये ते ग्रॅम्बलिंगच्या छोट्या कॉलेजात प्रशिक्षक झाले आणि १९९७ पर्यंत तेथेच राहिले. ४०८ सामने जिंकले. दोनशेहून अधिक विद्यार्थी व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. १९८८ साली सुपर बोल जिंकून देणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्स हा त्यांचाच विद्यार्थी.

पण मला मोठी वाटते ती त्यांची घंटा. गायीच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वाजवीत ते सकाळी वसतिगृहात फिरत. मुलांचे वर्ग चुकू नयेत म्हणून!

कोणी म्हणेल, उत्तम खेळणाऱ्याला पुस्तकांचा जाच कशाला? दोनशे जण पुढे गेले, हे खरे. पण इतक्या वर्षांत खेळलेल्या बाकीच्यांचे काय? आणि गेलेल्यांचेही गुडघे एक दिवस थकतातच.

एक गोष्ट मात्र खटकते. 'परिस्थितीवर मात केली' असे म्हणून आपण मोकळे होतो. ती परिस्थिती आकाशातून पडली नव्हती. माणसांनी कायदे करून ती उभारली होती. १९८५ मध्ये रॉबिन्सन यांनी बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. त्या ब्रायंट यांच्या अलाबामा संघाकडून १९७१ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू सामना खेळला नव्हता! एकाच्या जिद्दीने भिंत बांधणाऱ्यांचा दोष पुसला जात नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईला वेळापत्रक वाचता येत नाही. पण माझा पहिला तास कितीला, हे तिला पाठ आहे. ती रोज हाक मारते. ज्याला अशी हाक नाही, त्याच्यासाठी कॉलेजने घंटा वाजवावी. संघ निवडताना हजेरीपट पाहावा आणि सामन्यांमुळे बुडालेले तास प्राध्यापकांनी भरून द्यावेत. एवढे झाले, तर हरलेला सामनाही फुकट जाणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला