मांडवीवरचा बुफे आणि शेगावची पंगत

विदर्भातून गोव्याला निघालेल्या मंडळींच्या बोलण्यात अलीकडे समुद्राच्या आधी कॅसिनोचे नाव येते. पणजीला मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेल्या जहाजावर एक रात्र काढायची, हा सहलीचा ठरलेला भाग होऊन बसला आहे. खामगाव-अकोल्याकडचे व्यापारी जातात, नुकतीच नोकरी लागलेली पोरे जातात, लग्नाआधी एकदा एकत्र फिरून येऊ म्हणणारे मित्र जातात. हजारांच्या घरातल्या त्या तिकिटाचे समर्थन सगळे सारखेच करतात : खाणे-पिणे त्यातच आले, पत्त्याला हात नाही लावला तरी पैसे वसूल.

हा हिशेब चुकतो. आणि तो का चुकतो हे शेगावच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे, कारण आल्यागेल्याला जेवू घालण्याचा या गावाइतका अनुभव महाराष्ट्रात फार थोड्या गावांकडे आहे.

आधी मांडवीकडे पाहू. गोव्यात जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांना नाणी टाकून खेळायची यंत्रे ठेवायला मुभा मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांना पत्त्यांची व चाकाची टेबले मांडता आली. पणजीच्या धक्क्यावरून लहान होड्या पाहुण्यांना जहाजावर नेऊन सोडतात. तिकिटात बुफे असतो, बहुतेक ठिकाणी मद्य असते आणि खेळायला थोड्या रकमेच्या चकत्या (चिप्स) असतात. या चकत्या परत देऊन रोख मिळत नाही, त्या टेबलावरच लावाव्या लागतात. म्हणजे जेवायला आलेल्या माणसाच्या हातात पहिला डाव यजमानानेच ठेवलेला असतो.

पुढचे काम वेळ करतो. जुगाराच्या दालनांत घड्याळ आणि खिडकी सहसा नसते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्या मांडणीत जेवणाचे स्थान काय, हे मात्र कमी लोक लक्षात घेतात. भूक लागली की माणूस उठतो, बाहेर पडतो, वारा लागतो, खिशाचा विचार येतो. जेवण आतच मिळाले तर तो उठतो आणि पुन्हा बसतो. नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास वेगासच्या यंत्रांवर खेळणाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास करून २०१२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. यंत्रासमोर बसलेल्यांना भूक, थकवा, वेळ कशाचेच भान कसे उरत नाही, हे त्यात सविस्तर आले आहे.

आता आकडे मांडू. रुलेटच्या एकशून्यी चाकावर ३७ घरे असतात, १ ते ३६ आणि शून्य. एका आकड्यावर पैसे लावून जिंकले तर लावलेली रक्कम परत आणि वर तिच्या ३५ पट मिळते. घरे ३७ आणि हातात येणारी रक्कम एकूण ३६ पट, या फटीतून लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सरासरी २ रुपये ७० पैसे चालवणाऱ्याकडे राहतात. चाकावर दोन शून्ये असतील तर ५ रुपये २६ पैसे. एखाद्याने दर फेरीला ५०० रुपये लावले, तासाला चाळीस फेऱ्या धरल्या आणि तो चार तास बसला, तर त्याने एकूण ८०,००० रुपये लावलेले असतात. त्यातून सरासरीने २,१६० रुपये जातात. दोन शून्यांच्या चाकावर ४,२०८. एखादा जिंकून उठतो, एखादा दहापट हरतो, पण रात्रभराच्या गर्दीचा हिशेब याच्या आसपास येऊन थांबतो. शिवाय कर आहेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून चकत्या घेताना मोजलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. पनीर, बिर्याणी आणि गुलाबजामच्या ताटाची किंमत अशी बाहेर येते.

जगभर हेच चालते. पाहुण्याला फुकट खोली, फुकट जेवण कितीचे द्यायचे हे ठरवताना तो सरासरी किती लावतो, किती तास बसतो आणि त्यातून आपल्याकडे किती राहणार, याचा गुणाकार मोठी कॅसिनो करतात. त्या अपेक्षित नुकसानीचा एक वाटा पाहुणचार म्हणून त्याला परत मिळतो. यात फसवणूक नाही, सगळे कायद्यात बसते. म्हणूनच हा गुणाकार पाहुण्याने स्वतःही करायला हवा.

जेवणाचा हा उपयोग जुना आहे. लास वेगासच्या 'स्ट्रिप' या झगमगाटाच्या रस्त्यावरचे पहिले मोठे पर्यटक-हॉटेल, एल रॅंचो वेगास, १९४१ मध्ये सुरू झाले. रात्रीचा कार्यक्रम संपल्यावर लोक झोपायला जाऊ नयेत म्हणून त्याच दशकात तिथे एका डॉलरमध्ये हवे तितके खा, अशी पंगत मांडली गेली. पाश्चात्त्य जगात आज बुफेची जी रीत रुजली आहे, तिच्या वाढीत या वेगासी पंगतीचा वाटा मोठा आहे. पुढची काही दशके वेगास स्वस्त जेवणाचे शहर म्हणून ओळखले गेले. मग १९९२ मध्ये वुल्फगॅंग पक या नामांकित आचाऱ्याने तिथे आपले रेस्टॉरंट उघडले, त्याच्यामागून इतर आले, आणि जेवण हेच कमाईचे साधन आहे हे कंपन्यांच्या लक्षात आले. एका डॉलरची पंगत गेली. आज तिथल्या एखाद्या नावाजलेल्या बुफेत चार माणसांचे भारतीय कुटुंब जेवले, तर भारतात महिन्याचा किराणा भरता येईल एवढे बिल होते. तिथे राहणारे लोक मात्र त्या झगमगाटाच्या रस्त्यावर क्वचितच जेवतात. ते स्प्रिंग माउंटन रोडवरच्या चायनाटाऊनमध्ये जातात. तिथले पहिले व्यापारी संकुल १९९५ मध्ये उभे राहिले आणि भोवती आशियाई खाणावळींची मोठी वस्ती झाली.

मकाव या दुसऱ्या जुगारनगरीला २०१७ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान दिला. तोही कॅसिनोतल्या बुफेला नव्हे, तर मिळाला पोर्तुगीज आणि चिनी स्वयंपाकाच्या तिथल्या चारशे वर्षांच्या मिश्रणाला.

पणजीत तर कॅसिनो आणि गावचे जेवण यांतले अंतर पायी चालण्याइतके कमी आहे. धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटे आत गेले की चर्चच्या परिसरात १९१३ पासून चालत आलेले कॅफे ताटो लागते. सकाळी तिथे पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, बन्स आणि मिरचीभजी यांवर शहर जागे होते. फोंतेन्हासच्या गल्ल्यांत जुन्या बेकऱ्या आहेत. पोदेर सायकलवरून उंडे आणि पोई विकत फिरतो. दुपारच्या थाळीत शीत, हुमण, किसमूर, रव्यात तळलेला मासा आणि सोलकढी असते. मासे न खाणाऱ्याला तोणाक, खतखते, मुगागाठी मिळतात. संध्याकाळी गाड्यावर रोस-ऑमलेट. हे सगळे एका दिवसात खाल्ले तरी जहाजाच्या एका तिकिटाइतका खर्च होत नाही. आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोच्या खेळाच्या भागात प्रवेश नाही. जिथे गावच्या माणसाने बसायचेच नाही, तिथल्या स्वयंपाकाला गावची चव सांभाळायचे कारण राहत नाही. सुटीतली एक रात्र आणि एक जेवण तिथे घालवणारा माणूस गोव्यात जाऊनही गोवा न चाखता परततो, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

आता शेगाव. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी, माघ वद्य सप्तमीला, देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शिते वेचून खाणारा एक अनोळखी तरुण बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांना दिसला, असे दासगणू महाराजांनी 'गजानन विजय'मध्ये सांगितले आहे. त्याच्यासाठी घरातून ताट आले. त्याने सगळे पदार्थ एकत्र कालवले आणि जेवला. कोण, कुठला, कशासाठी आला, हे कोणालाही माहीत नव्हते. हा तरुण म्हणजेच गजानन महाराज. या गावाच्या सार्वजनिक आठवणीची सुरुवातच अशी दारात आलेल्या परक्या माणसाला वाढलेल्या ताटाने होते. ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीला, महाराजांनी समाधी घेतली आणि पुढे त्यांच्या नावाचे संस्थान वाढत गेले, तरी केंद्रस्थानी ती पंगतच राहिली.

संस्थानात भाविकाला महाप्रसाद विनामूल्य मिळतो. वाढणारे सेवाधारी पगारी नसतात. गावोगावचे शेतकरी, शिक्षक, दुकानदार आपापल्या पाळीने येतात, पांढऱ्या कपड्यांत उभे राहतात आणि प्रत्येकाला 'माउली' म्हणून हाक मारतात. सेवेसाठी नाव नोंदवून वाट पाहणाऱ्यांची रांगही लांब असते. जेवणारा लाखो रुपये देणगी देणारा असो की खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे असलेला, ताट एकच. संस्थानाचे व्यवस्थापकीय विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांचे ४ ऑगस्ट २०२१ रोजी निधन झाले. आयुष्य संस्थानात घालवूनही तिथले पाणीसुद्धा ते घेत नसत, अशी त्यांची ख्याती होती. ज्याच्या शब्दावर रोज हजारो ताटे वाढली जात, तो स्वतः घरचेच खात असे. मांडवीवर आणि शेगावात, दोन्हीकडे येणाऱ्याला जेवण 'आतच' मिळते. फरक जेवण झाल्यावर कळतो. शेगावात जेवून उठलेल्या माणसाकडून कोणाला काही हवे नसते. तो पुढच्या गाडीने गेला तरी चालते.

मंदिराबाहेरचे शेगावही खाऊ घालण्यावरच उभे आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांनी ती कचोरी विदर्भभर आणि पुढे राज्यभर नेली. पारी कुरकुरीत, आत डाळीचे तिखट सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. चटण्यांचा पसारा तिला लागत नाही. निर्वासित होऊन आलेल्या माणसाने नव्या गावाला त्याची ओळख द्यावी, हे शेगावच्या स्वभावाला धरूनच झाले. आज पुण्या-मुंबईत 'शेगाव कचोरी' अशा पाट्या दिसतात. त्या गावाचे नाव अनेकांनी आधी प्लॅटफॉर्मवर ऐकले आणि नंतर नकाशावर पाहिले.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. महाप्रसाद आणि कचोरी सोडली तर मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्याला वऱ्हाड चाखायला मिळणे कठीण आहे. बाहेरच्या हॉटेलांत पाटीवर पंजाबी, साउथ इंडियन आणि चायनीज ही त्रयी मोठ्या अक्षरांत असते. ज्या महाराजांना भक्त आजही पिठले-भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची नैवेद्यात आवर्जून ठेवतात, त्यांच्या गावात ज्वारीची गरम भाकर, ठेचा, रोडगे आणि वांग्याची भाजी, पातोडीची रस्सा भाजी, कळण्याची भाकर शोधत फिरावे लागावे, हे बरोबर नाही. गोव्यात थाळी खाऊन आलेला माणूस तिची आठवण वर्षभर काढतो. शेगावला आलेल्या माणसाने बटर नान खाऊन का परतावे?

हॉटेलवाल्यांची बाजूही खरी आहे. यात्रेकरू घाईत असतो, पोरे डोसा मागतात, भाकरी थापणारी माणसे मिळत नाहीत आणि थापली तर ती लगेच खावी लागते. पनीर दोन दिवस टिकते, भाकर दोन तास. हे ओळखूनच उपाय करावा लागेल, आणि सरकारी घोषणेने तो होणार नाही. १९९५ नंतर राज्यात एक रुपयातली झुणका-भाकर केंद्रे निघाली. जागा मिळाल्या, पाट्या लागल्या, पण अनेक ठिकाणी काही वर्षांतच झुणका गेला आणि गाळे उरले. स्वस्त ताटाच्या योजनेला रोजच्या रोज भाकरी थापणारे हात आणि तिला पुरेल असा दर, दोन्ही लागतात.

हे हात शेगावच्या आजूबाजूच्या गावांत आहेत. महिला बचत गटांना भाकरीचा योग्य भाव मिळाला तर त्या पहाटेपासून चुली पेटवतील. पाहुणाही तो भाव देईल. जहाजावर एका रात्रीत हजारो रुपये टाकणाऱ्या मध्यमवर्गाला ताज्या भाकरीच्या ताटाचे दीड-दोनशे रुपये जड जाऊ नयेत. स्थानकापासून मंदिरापर्यंतची वाट चालत जाण्याजोगी आहे. या वाटेवर नगर परिषदेने बचत गटांसाठी काही ओटे राखून ठेवावेत, त्यांना नळाचे पाणी आणि भांडी घासायची जागा द्यावी, दरफलक सक्तीचे करावेत आणि अन्न प्रशासनाची तपासणी यात्रेच्या आदल्या दिवशी न होता दर महिन्याला व्हावी. हॉटेलवाल्यांनीही आपल्या पाटीवर वऱ्हाडी ताटाला एक ओळ द्यावी आणि भाकरी या गटांकडूनच घ्यावी. ओटे मोजून घेणे, जागा आखणे आणि गटांची नोंदणी ही कामे नगर परिषदेच्या आवाक्यातली आहेत. ती आता हाती घेतली तर माघातल्या प्रगटदिनाच्या गर्दीआधी पहिल्या चुली पेटू शकतात.