कुलूप लावण्याआधी हिशेब द्या

संस्था बंद करायचे ठरले की विश्वस्तांची पहिली चर्चा भूखंडावर होते. वस्तीत वर्षानुवर्षे बालवाडी चालवणाऱ्या ताईंचे काय, हा प्रश्न निघतो तो ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून, चहा येऊन गेल्यावर. नागपुरातल्या अशा एका बैठकीत मी सभासद म्हणून बसलो होतो. भिंतीवर समता, पारदर्शकता, श्रमप्रतिष्ठा असे रंगवलेले होते. त्याच भिंतीला टेकून बसलेल्या सेविकांना, पुढच्या महिन्यापासून येऊ नका, असे सांगण्यात आले. थकलेले मानधन? बघू. इतक्या वर्षांच्या नोकरीचे काही? तुम्ही तर सेवा करत होता ना!

या उत्तराची मला चीड येते. त्यागाची वसुली नेहमी सर्वांत कमी पैसे घेणाऱ्याकडूनच का?

संस्था बंद पडण्यात लाज नाही. 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसरीकडे वळवायला बंदी आली आणि मोठ्यांच्या आधाराने चालणाऱ्या लहान संस्था अडचणीत आल्या. कंपन्यांचा सीएसआर निधी यंदा येतो, पुढच्या वर्षी येईलच असे नाही. कार्यकर्ते थकतात. हे सगळे मान्य. पण पैसा संपला म्हणजे बांधिलकीही संपली, हे कोणी ठरवले?

शेजारच्या वर्ध्यात याचा विचार फार आधी झाला आहे. जमनालाल बजाजांनी उभा केलेला गांधी सेवा संघ पैशाअभावी मेला नाही. 1936 मध्ये त्याचे संमेलन चांदा जिल्ह्यातल्या सावलीला भरले, पुढच्या वर्षी बेळगावकडच्या हुदलीला. मग संघात सत्तेचे राजकारण शिरले आणि फेब्रुवारी 1940 मध्ये बंगालातल्या मलिकांदा अधिवेशनात गांधीजींनी संघाचा पसारा आवरायला सांगितले. तेही सभासदांसमोर, उघडपणे.

विनोबांचे उदाहरण अधिक अवघड आहे. 1956 च्या अखेरीस तमिळनाडूतल्या पळनीला सर्व सेवा संघाने भूदान समित्या विसर्जित केल्या आणि गांधी स्मारक निधीची मदत घेणे थांबवले. तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती. हा निर्णय मी थोर मानतो आणि तरीही त्यावर माझा आक्षेप आहे. त्या निधीवर ज्यांची चूल पेटत होती, त्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना संपत्तिदान (लोकांनी दिलेला उत्पन्नातला वाटा) आणि सूतांजली (सुताची भेट) यांच्या भरवशावर सोडण्यात आले. बरेच जण गळाले. तत्त्व जपले, माणसे निसटली. पण पळनीच्या ठरावाने कोणाच्या भाच्याला जागा मिळाली नव्हती. आजच्या विश्वस्तांनी विनोबांचा दाखला देण्याआधी हे आठवावे.

आणि संस्था नीट बंद करणे कोणाच्या सज्जनपणावर सोडलेलेही नाही. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्यानुसार विसर्जनाला तीन पंचमांश सभासदांची संमती लागते आणि देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जागा विकता येत नाही. म्हणूनच लबाडी वेगळ्या मार्गाने होते: संस्था बंद करायचीच नाही! काम थांबवायचे, माणसे काढायची, संस्था कागदावर जिवंत ठेवायची. चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, दाखल करून आपली माणसे मंडळावर आणायची आणि मग बालवाडीच्या जागेवर लग्नाचे हॉल भाड्याने द्यायचे. देणगीदाराने पैसे यासाठी दिले नव्हते. ही चोरी आहे, आणि तिला चोरीच म्हटले पाहिजे.

विश्वस्तांनी वस्तीत यावे आणि लोकांसमोर ताळेबंद वाचावा. किती आले, किती उरले, कोणाचे देणे बाकी आहे, जागा कोणाला जाणार आहे. ज्यांचे फोटो छापून देणग्या मिळवल्या, त्यांना हे विचारण्याचा हक्क आहे. शिल्लक रकमेतून पहिले पैसे सेविकांचे, मग लेखापरीक्षकाचे, मग बाकीच्यांचे. आणि संस्थेच्या नोंदवह्या! मार खाणाऱ्या बायकांनी नाव-पत्त्यासह विश्वासाने सांगितलेले दुःख त्यांत आहे. त्या किलोच्या भावाने रद्दीत घालू नका. कायद्याने ठेवावी लागतील ती कागदपत्रे कुलपात ठेवा. उरलेले त्या बायकांना विचारून त्यांच्या हाती द्या, नाहीतर त्यांच्यासमोर नष्ट करा.