कुमारवयातील प्रश्न आणि पालकांची घाई

आपले शरीर आणि आपले मन यांचा मेळ बसत नाही, असे तेरा-चौदा वर्षांचे मूल घाबरत घाबरत सांगते, तेव्हा आपण काय करतो? लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतच्या आपल्या कुटुंबांनी प्रामाणिकपणे उत्तर द्यावे. कोणी हात उगारतो, कोणी मुलीसाठी स्थळे पाहण्याचे ठरवतो, तर कोणी प्रार्थनासभेत नेऊन सैतान काढवून घेतो. हा शेवटचा प्रकार आम्हांला सर्वांत असह्य वाटतो. बिशपांच्या खास परवानगीवाचून भूत उतरविण्याचा विधी करण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्यात धर्मगुरूलाही मनाई आहे. मग हा अधिकार या हौशी मंडळींना दिला कोणी? मन 'सरळ' करून देण्याचे असले उपचार २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने निषिद्ध ठरविले आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा मानला.

दुसरीकडे, 'ऑपरेशन केले की झाले' म्हणणारेही आहेत. ते बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांचा दाखला देतात. तो येथे लागू पडत नाही. साळवे यांना जन्मतः मुलगी समजले गेले, परंतु तपासणीत त्यांच्या शरीरात 'वाय' गुणसूत्र आढळले. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते प्रौढ व कमावते होते. एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेला दस्तऐवज लिंगबदलाला विरोध करतो, पण शरीररचनेतील अशा दोषांवरील उपचारांना आडकाठी करीत नाही. हा फरक ध्यानात न घेता वाद घालणे व्यर्थ होय.

इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने वयात येणे लांबविणाऱ्या औषधांचा पुरावा दुबळा ठरविला; तेथील सरकारी आरोग्यसेवेने ती नेहमीच्या उपचारांतून काढली. जे मागे घेता येत नाही ते अल्पवयात करू नये, असे आमचेही मत आहे. परंतु हाच अहवाल पुढे करून मुलाचे तोंड बंद करणारा पालक थांबत नाही, तो पळ काढतो. थांबायचे म्हणजे त्या काळात मुलाचे ऐकायचे, शाळेतील छळ थांबवायचा, त्याची झोप आणि जेवण यांकडे पाहायचे.

लोणावळ्याहून लोकलने पुण्यास जाऊन बालमानसोपचारतज्ज्ञाची भेट घेता येते. तेथे प्रथम मुलालाच बोलू द्यावे; वडिलांनी बाहेरच्या बाकावर बसावे.